धक्क्यानंतर मोजलेला कपॅसिटर

नवा कपॅसिटर रिळातून काढून मीटरला लावला की तो चांगलाच निघतो. त्यावरून काही ठरवता येत नाही. मी गेली अठरा वर्षं मोजमापाच्या उपकरणांचे बोर्ड दुरुस्त करते आहे, त्यातली शेवटची सात वर्षं ते आखतेही आहे. एवढ्या काळात माझी एक सवय पक्की झाली. बाहेरच्या जगाला जोडलेल्या कनेक्टरवर बसणारा कुठलाही भाग मी आधी मोजते, मग त्याला स्टॅटिकचे धक्के देते आणि पुन्हा मोजते. माझं मत या दुसऱ्या आकड्यावर ठरतं.

आज ज्या भागाबद्दल लिहिते आहे तो एक चिप कपॅसिटर आहे. १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा, २२ नॅनोफॅरडचा, काळपट रंगाचा. बेरियम टायटेनेटच्या नेहमीच्या कपॅसिटरसारखाच तो सोल्डर होतो, पण आतलं सिरॅमिक निराळं आहे. हे अर्धवाहक केलेलं स्ट्रॉन्शियम टायटेनेट आहे. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो कपॅसिटर म्हणून वागतो आणि त्यापुढे व्हॅरिस्टरसारखा, म्हणजे व्होल्टेज वाढलं की रोध सोडून देणाऱ्या भागासारखा, वाट मोकळी करून देतो. माझ्याकडच्या भागाचं व्हॅरिस्टर व्होल्टेज २७ आहे, म्हणजे त्यातून १ मिलिअँपिअर वाहू लागतो तेव्हा त्याच्या टोकांवर २७ व्होल्ट असतात. गेले सात महिने तो मी वापरते आहे. मला तो मनापासून आवडला आहे, पण एका जागेवरून तो मी स्वतःच्या हाताने काढूनही टाकला आहे. दोन्ही गोष्टी सांगते.

या भागापर्यंत मी पोचले ती एका तक्रारीमुळे. तापमान नोंदवणारी काही उपकरणं परत आली होती आणि सगळ्यांचं दुखणं एकच होतं, आकडा खऱ्या तापमानापेक्षा दोनेक अंश वर. सेन्सर बदलून पाहिला, फरक नाही. प्रोसेसर ठीक, संदर्भ व्होल्टेज ठीक. शेवटी कनेक्टरला लागून असलेला १ नॅनोफॅरडचा एक्स७आर, म्हणजे बेरियम टायटेनेटच्या नेहमीच्या जातीचा, कपॅसिटर काढला आणि आकडा जागेवर आला. काढलेला कपॅसिटर मल्टिमीटरवर ठेवला तर रोध जेमतेम एक लाख ओहम. निरोगी भागाचा तो काही हजार मेगाओहम असायला हवा. इथला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापमानानुसार रोध बदलणारा भाग. दहा किलोओहमच्या थर्मिस्टरला एक लाख ओहम समांतर आले की एकूण रोध नऊ टक्क्यांनी उतरतो. एन्‌टीसी जातीच्या थर्मिस्टरचा रोध तापल्यावर उतरतो, म्हणून तो उतरला की उपकरणाला वाटतं गरम झालं. अंशामागे साधारण साडेचार टक्के धरले तर हिशेब बरोबर दोन अंशांवर येतो.

हे कपॅसिटर कशाने मेले, हे कळायला एक गुणाकार पुरला. आयईसी ६१०००-४-२ या मानकात माणसाच्या बोटाची जागा १५० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि ३३० ओहमचा रोध घेतात. चौथ्या पातळीला थेट स्पर्शाने ८ किलोव्होल्ट. म्हणजे त्या बोटात १.२ मायक्रोकूलोम भार साठलेला असतो. हा भार १ नॅनोफॅरडमध्ये ओतला की दोघांत वाटणी होऊन व्होल्टेज हजाराच्या वर जातं. पाटी ५० व्होल्टची! बोटातला भार ओतायला पन्नासेक नॅनोसेकंद लागतात आणि मागच्या १ किलोओहमच्या रोधकातून निचरा व्हायला मायक्रोसेकंद, त्यामुळे तो हजारी फटका कपॅसिटरला पुरता सोसावा लागतो. एका फटक्यात तो फुटत नाही. दर वेळी आत कुठेतरी एक बारीक वाट थोडी अधिक चालती होते, आणि सहा महिन्यांनी उपकरण खोलीला ताप आल्याचं सांगू लागतं. ग्राहकाला वाटतं सेन्सर वाईट आहे. सेन्सर बिचारा निर्दोष असतो.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे मोठा कपॅसिटर. तोच भार २२ नॅनोफॅरडमध्ये गेला तर चौपन्न व्होल्टच चढतात. मग साधा २२ नॅनोफॅरडचा एक्स७आरच का नको? बऱ्याच ठिकाणी तो चालतोही. पण ओळ उघडी असेल, भार उतरायला वाट नसेल, तर दुसरा धक्का पहिल्यावर चढतो आणि तिसरा दुसऱ्यावर. एकाच दिशेचे दहा धक्के दिले की पाचशे व्होल्टच्या पुढे जातो. इथे व्हॅरिस्टरचा गुण कामाला येतो. चौपन्न व्होल्टला हा भाग स्वतःच अँपिअरभर प्रवाह सोडू लागतो आणि दहाएक मायक्रोसेकंदांत पस्तीसच्या आसपास उतरतो. पुढचा धक्का येईतो हात मोकळे. जाहिरातीत हा गुण प्रोसेसरच्या रक्षणासाठी म्हणून मिरवला जातो. माझ्या मते तो आधी कपॅसिटरचंच रक्षण करतो, आणि कपॅसिटर शाबूत राहिला म्हणून मागचं सगळं शाबूत राहतं.

आता सिरॅमिककडे वळते, कारण या भागाचं बरं-वाईट सगळं तिथेच ठरतं.

स्ट्रॉन्शियम टायटेनेट हे बेरियम टायटेनेटचं भावंड, दोघांचीही स्फटिकरचना पेरोव्हस्काइट. पण स्वभाव वेगळे. बेरियम टायटेनेट १२० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाखाली फेरोइलेक्ट्रिक होतं. त्याच्यात ध्रुवीय भाग तयार होतात, आणि त्यांच्यामुळेच त्याचा परावैद्युतांक, म्हणजे भार साठवण्याची ताकद सांगणारा आकडा, हजारांत जातो. त्याची किंमतही मोजावी लागते. डीसी व्होल्टेज लावलं की कपॅसिटन्स घसरतो, काळ जाईल तसा आपोआप थोडा थोडा उतरतो, आणि एसी लहर आली की तुकडा यांत्रिकपणे हलून बोर्ड गुणगुणतो. स्ट्रॉन्शियम टायटेनेट नेहमीच्या तापमानाला घनाकृती असतं आणि फेरोइलेक्ट्रिक कधीच होत नाही. अगदी निरपेक्ष शून्याजवळही ते काठावर येऊन थांबतं. मुलर आणि बुर्कार्ड यांनी १९७९ मध्ये हे दाखवून दिलं तेव्हा या अवस्थेला क्वांटम पॅराइलेक्ट्रिक असं नाव मिळालं. म्हणून ते गुणगुणत नाही आणि त्याला तसलं म्हातारपणही येत नाही. पण त्याचा परावैद्युतांक फक्त तीनशेच्या घरात. एवढ्यावर २२ नॅनोफॅरड इतक्या छोट्या तुकड्यात कसे बसवणार?

इथली युक्ती मला आजही सुंदर वाटते. सिरॅमिकच्या कणांना मुद्दाम वाहक करायचं आणि कणांच्या सीमा तेवढ्या रोधक ठेवायच्या. स्ट्रॉन्शियमच्या जागी थोडं लँथेनम किंवा टायटेनियमच्या जागी थोडं नायोबियम घातलं की मोकळे इलेक्ट्रॉन मिळतात. वर हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये, म्हणजे क्षपण करणाऱ्या हवेत भाजलं की ऑक्सिजन निसटतो आणि आणखी इलेक्ट्रॉन मागे राहतात. कण काळे आणि वाहक होतात. नंतर ऑक्सिजन असलेल्या हवेत कमी तापमानाला पुन्हा भाजायचं. ऑक्सिजन कणसीमांच्या चिरांतून आत शिरतो आणि सीमेवर इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. मँगनीज, कोबाल्ट यांसारखी स्वीकारी मूलद्रव्यं सीमेवर असली तर हे अडकवणं पक्कं होतं. आता प्रत्येक कण म्हणजे एक इलेक्ट्रोड आणि प्रत्येक सीमा म्हणजे एक अतिपातळ कपॅसिटर. जुन्या जाड चकतीच्या भागांत कण समजा ३० मायक्रोमीटरचा आणि सीमा ०.३ मायक्रोमीटरची असेल, तर तीनशेला शंभरने गुणायचं. तीस हजार! परावैद्युतांक वाढला नाही, अंतर कमी झालं.

हीच सीमा व्हॅरिस्टरही असते. दोन्ही बाजूंच्या कणांतले इलेक्ट्रॉन सीमेवरच्या ऊर्जेच्या बांधापाशी अडलेले असतात. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपुढे गेलं की बांध खचतो आणि प्रवाह एकदम सुटतो. झिंक ऑक्साइडच्या व्हॅरिस्टरमध्येही हेच होतं, तिथे एका सीमेवर साधारण तीन व्होल्ट झेलले जातात. मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइड सिरॅमिकचा हा गुणधर्म १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे विजेच्या लाटा रोखण्याचं जवळजवळ सगळं काम त्याच्याकडेच गेलं.

एकावर एक थर रचलेल्या चिपमध्ये मात्र तीस मायक्रोमीटरचे कण चालत नाहीत. दोन इलेक्ट्रोडमधला थरच मुळी मायक्रोमीटरांत मोजायचा. कण एक मायक्रोमीटरच्या आसपास आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एकसारखे लागतात. समजा एका थरात बारा कण एकापुढे एक आहेत, म्हणजे व्होल्टेज झेलायला अकरा सीमा. एखाद्या जागी एकच कण चारपाच कणांएवढा वाढला, तर तिथे सीमा सातआठच उरल्या. धक्का आला की सगळा प्रवाह त्याच वाटेने धावतो, ती जागा तापते, वितळते, आणि आपल्या हातात गळका, म्हणजे अडवायचा तो प्रवाह झिरपू देणारा, भाग येतो. बाहेरून दोन्ही तुकडे सारखेच, कपॅसिटन्सही सारखाच. मोडलेल्या तुकड्याला पॉलिश करून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, पण माझ्या साध्या सूक्ष्मदर्शकात थर दिसतात, एवढे बारीक कण दिसत नाहीत. कणांची परीक्षा मला धक्क्यानेच घ्यावी लागते.

आणखी एक ताण भट्टीत असतो. आतले इलेक्ट्रोड निकेलचे. क्षपणाच्या भाजणीत निकेल सुखात असतं, दुसऱ्या भाजणीत मात्र त्याला ऑक्सिजनचं भय. ही भाजणी अपुरी झाली तर सीमा कच्च्या राहतात आणि गळती वाढते. जास्त झाली तर निकेल गंजतं आणि कपॅसिटन्स जातो. ज्याने हा भाग बनवला त्याने या दोहोंतली अरुंद पट्टी सांभाळली आहे, हे मला मोजणीत दिसलं.

मोजणी अशी. एका रिळातले वीस तुकडे घेतले, प्रत्येक तुकडा एका छोट्या बोर्डावर एकटाच. पहिली मोजणी ३.३ व्होल्टला. गळती अपेक्षेहून बरीच जास्त आली, तेव्हा मी वैतागले होते. मग लक्षात आलं की सोल्डरचा फ्लक्स नीट धुतलेला नाही. बोर्ड अल्कोहोलने घासून, वाळवून पुन्हा मोजले तेव्हा आकडे काही दशक नॅनोअँपिअरवर स्थिरावले. हा भाग तपासणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं, आधी बोर्ड धुवा आणि मग सिरॅमिकला दोष द्या.

नंतर ईएसडी गनने, म्हणजे ठरावीक स्टॅटिकचे धक्के देणाऱ्या उपकरणाने, दहा तुकड्यांना ८ किलोव्होल्टचे धक्के दिले, एका दिशेने दहा आणि उलट दिशेने दहा, दोन धक्क्यांत एक सेकंद. उरलेले दहा तसेच ठेवले, तुलनेसाठी. शेजारी जुन्या बोर्डावरच्या जातीचे १ नॅनोफॅरडचे दहा एक्स७आरही लावले. एक्स७आरपैकी तीन उघड गळू लागले. स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या दहापैकी एकही बाद झाला नाही. कपॅसिटन्समधला फरक मीटरच्या चुकीच्या हद्दीत राहिला आणि गळती थोडी वाढली, दुपटीच्या आत. ही लढत समान नव्हती हे मान्य, एकाकडे २२ नॅनोफॅरड आणि दुसऱ्याकडे १. म्हणून २२ नॅनोफॅरडचे एक्स७आरही तपासले. तेही टिकले, पण एकाच दिशेने सलग तीस धक्के दिल्यावर त्यांतले दोन ढासळले. नवा भाग तिथेही उभा राहिला.

त्या तीस धक्क्यांनंतर मात्र एक गोष्ट दिसली. या भागाला धन-ऋण टोक नसतं, कसाही बसवा. पण एकाच दिशेने मार खाल्लेल्या तुकड्यांची गळती दोन दिशांना सारखी राहिली नव्हती. फरक लहान होता, काम बिघडवणारा नव्हता. तरी गळती एकाच दिशेने मोजून खूण मारणाऱ्यांना तो दिसणारच नाही. दोन्ही बाजूंनी मोजा.

या भागाच्या उणिवा तीन आहेत आणि तिन्ही मूळ सिरॅमिकच्याच आहेत.

पहिली म्हणजे वक्र. व्हॅरिस्टर किती तीव्रतेने सुटतो ते अल्फा या घातांकाने सांगतात. चांगल्या झिंक ऑक्साइडचा तो तीसच्या पुढे जातो, स्ट्रॉन्शियम टायटेनेटचा दहाच्या आसपास घुटमळतो. दहा धरून हिशेब केला तर १ मिलिअँपिअरवरून १० अँपिअरवर जाताना व्होल्टेज अडीच पट होतं, म्हणजे २७ चे ६८. अल्फा चाळीस असता तर ते चौतीसलाच थांबलं असतं. लांबलेल्या, मोठ्या प्रवाहाला बांध घालायला हा भाग मऊ पडतो. स्टॅटिकच्या धक्क्यात हे खपून जातं, कारण तिथे पहिलं काम २२ नॅनोफॅरड करतात.

दुसरी उणीव जाहिरातीत लपते, आणि मला इथे खरंच राग येतो. अशा भागांच्या वर्णनात ‘सर्ज संरक्षण’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. स्टॅटिकचा धक्का वेगळा आणि तारेतून येणारी विजेची लाट वेगळी. आयईसी ६१०००-४-५ मधली लाट घ्या. १ किलोव्होल्ट, उगमाचा रोध २ ओहम, म्हणजे ५०० अँपिअरपर्यंत प्रवाह आणि तोही वीसेक मायक्रोसेकंद. त्यातून जाणारा भार बोटातल्या भाराच्या हजारो पट. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकड्याला हे झेपणार नाही, तो जळेल. लांब तार बाहेरून येत असेल तर दाराशी झिंक ऑक्साइडची मोठी चकती किंवा वायूची नळी हवीच आणि मध्ये रोध हवा. त्यांनी झेलून उरलेल्या फटक्यासाठी हा भाग आत बसवावा.

तिसरी उणीव गळती. माझ्या भागाच्या डेटाशीटमध्ये कमाल मर्यादा १ मायक्रोअँपिअर दिली आहे. नव्या तुकड्यांची प्रत्यक्ष गळती तिच्या कितीतरी खाली असली तरी आखणी मर्यादेवरच करायला हवी, कारण तापमान वाढलं की ती चढते. घड्याळाच्या बॅटरीसारखी ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी साधारण २२० मिलिअँपिअर-तासांची. १ मायक्रोअँपिअर वर्षभर वाहिला की त्यातले पावणेनऊ खातो. चार ओळींवर चार भाग म्हणजे पस्तीस. बॅटरी पाच वर्षं पुरवायची असेल तर हे परवडत नाही, मग अशा ओळींना वीज मोजणीपुरतीच द्यावी लागते. मी तसंच केलं.

थर्मिस्टरच्या ओळीवरही गळती दिसते. दहा किलोओहमचा थर्मिस्टर आणि तेवढाच रोधक असला की १ मायक्रोअँपिअरने ५ मिलिव्होल्टची चूक होते, म्हणजे ०.१४ अंश. माझ्या उपकरणाला अर्ध्या अंशाची मुभा आहे, चालतं. पण आमच्या दुसऱ्या एका बोर्डावर १०० किलोओहमचा थर्मिस्टर होता. तिथे हाच हिशेब १.४ अंशावर जातो. आधी सांगितलेली काढून टाकण्याची जागा ती. तिथे मी सी०जी जातीचा छोटा कपॅसिटर, पुढे रोध आणि व्होल्टेज छाटणारा, अगदी कमी गळतीचा टीव्हीएस डायोड असं त्रिकूट बसवलं. तीन भाग, जागा जास्त, पण दुसरा मार्ग नव्हता.

वेगवान ओळींबद्दल फार बोलायला नको. चिपांना एकमेकींशी जोडणाऱ्या आय२सीच्या पूर्ण बसला ४०० पिकोफॅरडची मर्यादा असते, तिथे २२ नॅनोफॅरड म्हणजे गळाच आवळला. यूएसबीच्या तारांवर तर नाहीच नाही. बटणं, संथ सेन्सर, वीजपुरवठ्याचं तोंड, छोट्या मोटारीची टोकं, या जागा त्याच्या हक्काच्या. मोटारीवरून आठवलं, हे सिरॅमिक कित्येकांनी नकळत पाहिलेलं असतं. ब्रश असलेल्या छोट्या डीसी मोटारीच्या कम्युटेटरला एक काळी कडी बसवलेली असते. ती बहुधा याच स्ट्रॉन्शियम टायटेनेटची. ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना उडणारी ठिणगी ती पिते, कपॅसिटर म्हणूनही आणि व्हॅरिस्टर म्हणूनही. मी दुरुस्तीच्या दिवसांत अशा किती मोटारी उघडल्या असतील. ती कडी म्हणजे फेराइटचं वेटोळं असा माझा बरीच वर्षं समज होता.

बोर्डावरच्या जागेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चांगला भाग वाईट जागी बसवून त्याला नावं ठेवणारे मी पाहिले आहेत. ८ किलोव्होल्टच्या धक्क्याचं पहिलं टोक ३० अँपिअरचं असतं आणि ते एका नॅनोसेकंदाच्या आत चढतं. तांब्याच्या अरुंद पट्टीचं इंडक्टन्स मिलिमीटरमागे १ नॅनोहेन्रीच्या आतबाहेर धरतात. म्हणजे पट्टीच्या प्रत्येक मिलिमीटरवर तीसचाळीस व्होल्ट नुसते रस्त्यात उभे राहतात. भाग कनेक्टरपासून बाजूला काढून पाच मिलिमीटरच्या शेपटीवर टांगला, तर त्या शेपटीवरच दीडदोनशे व्होल्ट. मग आत स्ट्रॉन्शियम टायटेनेट असो की सोनं, मागच्या चिपला ते दिसणारच नाहीत. ओळ भागाच्या पॅडवरूनच पुढे गेली पाहिजे आणि ग्राउंडचं टोक पॅडला चिकटूनच खाली उतरलं पाहिजे, शक्यतो दोन भोकांनी. कपॅसिटर आणि व्हॅरिस्टर वेगवेगळे बसवले की दोन शेपट्या होतात. इथे एकच भाग, एकच छोटा रस्ता. माझ्या जुन्या आखणीत झिंक ऑक्साइडची चिप कपॅसिटरच्या मागे दोन मिलिमीटरवर होती. ती काढल्यावर जागा तर सुटलीच, स्कोपवर पहिलं टोकही ठळकपणे बुटकं झालं.

डेटाशीटबद्दल मात्र तक्रार आहे. धक्क्यांनंतर कपॅसिटन्स किती बदलेल हे त्यात दिलं आहे, गळती किती बदलेल हे दिलेलं नाही. अशा भागात दुसरा आकडाच महत्त्वाचा. डीसी व्होल्टेजवर कपॅसिटन्स कसा उतरतो याचा आलेखही नाही, मला स्वतः काढावा लागला. ३.३ व्होल्टला फरक नगण्य होता, १२ ला जाणवण्याइतका. कणसीमेवरचा रिकामा पट्टा व्होल्टेजने रुंदावतो, त्यामुळे तो होणारच, पण छापायला काय हरकत होती? भाग सोल्डर होतो छान. मी नेहमीच्या शिसेमुक्त रीफ्लोतून दोनदा काढला तरी काही बिघडलं नाही. बोर्ड वाकवला तर मात्र इतर कुठल्याही सिरॅमिकसारखाच तडकतो, म्हणून स्क्रूच्या भोकापासून आणि बोर्ड तोडायच्या रेषेपासून दूर ठेवा.

दहा किलोओहमच्या सेन्सरच्या ओळींवर आणि बटणांवर तो आता आमच्या नव्या आखणीत कायमचा आला आहे. त्या जागांवरून गेल्या सात महिन्यांत एकही उपकरण तापमान चुकवून परत आलेलं नाही. सात महिने ही काही मोठी मुदत नाही, हे मला माहीत आहे. धक्के खाल्लेले ते दहा तुकडे आणि न खाल्लेले दहा, असे वीसही तुकडे सध्या ८५ अंशांच्या ओव्हनमध्ये ३.३ व्होल्टवर बसले आहेत. पाचशे तासांची मोजणी झाली, दोन्ही गट अजून एकमेकांजवळ आहेत. पुढची मोजणी हजार तासांना, दोन्ही दिशांनी.